बुवांच्या छातीवरची जपानी डबी

उकंडबुवांना ऊब देण्याचे काम मी आपण होऊन अंगावर घेतले. मला कोणी बोलावले नव्हते. आमच्या केनवड गावात पोलीस पाटील होते, बुवांचा शिष्य जगदेव होता, बुवांची विधवा मुलगी भुरीबाई तर चोवीस तास उशाशी होती. या सगळ्यांना बाजूला सारून मी, शाळेचा मास्तर, पुढे झालो. कारण एवढेच की बुवांच्या कीर्तनाला बसलो की पहिल्या अभंगालाच माझे डोळे भरून येत, आणि त्या गळ्यातून आता नुसता खोकला निघतो हे मला बघवेना. आता वाटते, डोळे लवकर भरून येणाऱ्या माणसाने यंत्रांच्या वाटेला जाऊ नये.

जपान लढाईत उतरले त्या वर्षीचा पौष होता. थंडी अशी की शाळेत पोरे लिहायच्या आधी पाटी काखेत धरून बसत. बुवा पंचाहत्तरीचे, छाती कफाने भरलेली. वाशीमचे एक डॉक्टर मोटार बिघडली म्हणून गावात दोन तास अडकले, तेवढ्यात त्यांना धरून नेले. त्यांनी छातीला नळी लावली आणि बाहेर येऊन मला म्हणाले, "छाती गरम राहिली तर म्हातारा होळी पाहील. गार पडली तर पौष निघायचा नाही."

ऐकायला किती सोपे. शेगडी ठेवा, विटेचा शेक द्या, मोकळे व्हा. पण बुवांनी बावीस वर्षांपूर्वी विस्तवाचे सुख सोडले होते.

ती हकीगत गावात कोणी मोठ्याने सांगत नाही, मीही थोडक्यात सांगतो. शेजारच्या मालेगावचे कीर्तन आटोपून बुवा थंडीतून पायी घरी येत होते. त्यांचे हातपाय शेकायला म्हणून रंगूबाईंनी, त्यांच्या बायकोने, अंगणात शेकोटी पेटवून ठेवली, आणि वाट पाहता पाहता तिथेच त्यांचा डोळा लागला. पदराने पेट घेतला. बुवा वेशीत आले तेव्हा त्यांना गलका ऐकू आला. तेव्हापासून शेकोटी नाही, बिडी नाही, ऊन पाण्याची आंघोळ नाही. भाकर खात ती निवल्यावर. "पोटाले लागते ते खातो," म्हणत, "सुखाले लागते ते नाई घेत." आरती सुरू झाली की डोळे मिटून मागे सरत. परगावच्या लोकांना वाटे, समाधी लागली.

तर अशा माणसाची छाती गरम ठेवायची होती. गावाने उपाय सुचवायला कसूर केली नाही. पोलीस पाटील दौलतराव म्हणाले, "झोपले म्हंजे शेकून घ्या. झोपेत व्रत मोडत नाई." बुवा झोपतच नव्हते, त्यामुळे हा उपाय शास्त्रार्थापर्यंत पोचलाच नाही. जगदेवचे म्हणणे, दोन धट्ट्याकट्ट्या माणसांनी बुवांना आळीपाळीने कुशीत घ्यावे. ते एक दुपार करून पाहिले. बुवांची खोकल्याची ढास तशीच राहिली आणि त्या दोघांना लागली. माझ्या पत्नीने, कस्तुराबाईने, खाटेशी शेळी बांधायला सांगितले, शेळीचे अंग उबदार असते म्हणून. शेळीने पहिल्याच दिवशी बुवांची तुळशीची माळ खाल्ली. मी वाशीमहून गरम पाण्याची रबरी पिशवी आणवली. बुवांनी ती दुरून पाहिली आणि विचारले, "थे पाणी कायावर तापवलं, मास्तर?" पिशवी परत गेली.

तेव्हा मला माझ्या पेटीतली डबी आठवली.

माझा मेहुणा मुंबईला जपानी मालाच्या दुकानात होता. पाच वर्षांपूर्वी त्याने ती मला दिली होती आणि मी ती, भेटीच्या वस्तूंचे करतात तसे, कापडात बांधून ठेवून दिली होती. तळहाताएवढी चपटी, चकचकीत. आत कापूस भरलेला. त्या कापसाला पेट्रोल पाजायचे. तोंडावर एक जाळीची टोपी, तिच्यात करड्या लोकरीसारखा काही बोळा, आणि वरून भोकाभोकांचे झाकण. एवढाच संसार. सोबत पत्रक होते, एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला जपानी.

इंग्रजी बाजू मी डिक्शनरी घेऊन दोन दिवस वाचली. त्या बोळ्यावर प्लॅटिनम नावाच्या महाग धातूचे सूक्ष्म कण चढवलेले असतात. कापसातून पेट्रोलची वाफ वर येते, भोकांतून हवा आत जाते, आणि दोघांची गाठ त्या धातूच्या अंगावर पडते. एरवी ही दोघे एकत्र यायला ज्वाळा लागते. इथे धातू त्यांना नुसता जवळ बसवतो आणि ती ज्वाळेवाचून, धुरावाचून सावकाश एक होतात. त्यातून जी उष्णता निघते तीच पुढच्या वाफेला पुरते, म्हणून एकदा सुरू झाले की पेट्रोल संपेपर्यंत दिवसभर चालते. धातू मात्र होता तेवढाच राहतो. दोन घरे जोडून द्यायची आणि स्वतः सुपारीसुद्धा घ्यायची नाही, असा मध्यस्थ मी आमच्या तालुक्यात पाहिलेला नाही. पण त्याच्या अंगावर तेल, तूप, मेण काही बसले की वाफेची वाट बंद होते आणि तो कामातून जातो, असेही पत्रकात लिहिले होते. तेही मी वाचले होते. हे नीट सांगून ठेवतो.

सुरुवातीला मात्र बोळा तापवावा लागे, आणि पत्रकात त्यासाठी आगकाडी लिहिली होती. इथे मी माझी अक्कल चालवली. शाळेत सरकारी भिंग होते. मोटारचालक बाबूसिंगकडून शिशीभर पेट्रोल आणून डबीला पाजले आणि भर उन्हात भिंगाचा ठिपका बोळ्यावर धरला. थोड्या वेळाने हाताला ऊब लागली. मी डबी कानाला लावली, नाकाला लावली, आणि तशीच घेऊन बुवांच्या घरी गेलो. मागे दौलतराव, त्यांच्या मागे जगदेव.

बुवा खाटेवर भिंतीला टेकून बसले होते. डबी त्यांनी हातात घेऊन उलटीसुलटी केली.

"मास्तर, याच्यात इस्तो हाये का?"

'नाही' एवढाच शब्द मी वाटेने घोकत आलो होतो. पण ज्या तोंडून मी बारा वर्षे सत्याची कीर्तने ऐकली त्या तोंडासमोर तो निघेना.

"ज्वाळा नाही, बुवा. निखारा नाही, धूर नाही. पण खरं विचाराल तर आत जळतं. फार हळू जळतं."

"जाळ नाई, अन् जळते."

"होय."

"काडी कोनं लावली?"

"काडी नाही लावली. उन्हात भिंग धरलं."

"म्हंजे सूर्यनारायणानं लावलं," दौलतराव म्हणाले. "याच्यात तुमच्या व्रताचं काय जाते, बुवा?"

बुवांनी त्यांच्याकडे पाहिलेही नाही. "भुरे, इकडं ये. तुहा पदर दे."

भुरीबाई जागची हलली नाही. आई जळाली तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि अंगणातच होती.

"दे म्हनतो ना, माय."

ती जवळ येऊन खाली बसली. अंगावर जुने सुती लुगडे, धुऊन धुऊन विरलेले. बुवांनी तिच्या पदराचे टोक डबीच्या झाकणावर टाकले, वरून आपला हात ठेवला आणि नाम घ्यायला सुरुवात केली. एकशे आठ वेळा. मधे तीनदा ढास आली, तरी गणती चुकली नाही. भुरीबाई पदराकडे न पाहता दाराकडे पाहत होती आणि तिने खाटेचा पाय घट्ट धरला होता. मला त्या वेळी प्लॅटिनमबद्दल फारसा विश्वास वाटत नव्हता, हे कबूल करतो.

एकशे आठ झाले. बुवांनी पदर उचलला, हुंगला, बोटांत चुरगाळून पाहिला आणि गालाला लावला.

"ज्यानं पदराले धरलं नाई ते मले चालते," ते म्हणाले आणि डबी बंडीच्या आत ठेवून वरून उपरणे बांधले.

पुढचे आठ दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत प्रतिष्ठेचे. बुवांची ढास निम्म्यावर आली. ते उठून बसू लागले. पाचव्या दिवशी त्यांनी जगदेवकडून वीणा मागून घेतली आणि दोन चरण म्हटले, आवाज फाटका, पण सूर जागेवर. मी अर्थातच रडलो. गावात लोक मला वाटेत थांबवून डबीचे शास्त्र विचारू लागले आणि मी मध्यस्थाचा दाखला देऊन सांगू लागलो. ज्यांच्या पोरींची लग्ने अडली होती ते डोळे मिचकावत, "तसा मानूस कोठी भेटते, मास्तर?" असे विचारत. शाळेचे भिंग शाळेबाहेर गेल्याबद्दल तपासणी साहेबांनी शेरा मारला, तोही मी बक्षिसासारखा घेतला.

मग पेट्रोल संपत आले.

बाबूसिंग वाशीमची मोटार चालवायचा. इतके दिवस तो टाकीत रबरी नळी घालून, तोंडाने ओढून, थुंकत थुंकत माझी शिशी भरून देत होता. मोबदला विचारला तर म्हणे, "देवाच्या कामाले कायचं?" पण पेट्रोलवर रेशन आले होते, आणि मोटार कोळशाच्या वायूवर चालावी म्हणून मालकाने तिच्या मागे कोळशाची भली मोठी भट्टी बसवली.

"आता माही गाडीच कोळसा खाऊन राह्यली, मास्तर," तो भट्टी ढोसत म्हणाला. "पेट्रोल पायजे असन त तहसिलीतून परवाना आना. मले वास घ्याले बी उरलं नाई."

उरलेले दोन चमचे पेट्रोल डबीला पाजून, ती बुवांच्या छातीवर ठेवून, पत्रक आणि रिकामी शिशी घेऊन मी वाशीमला गेलो. भुरीबाईला सांगितले, उद्या परत येतो.

तहसिलीतल्या कारकुनाने छापील अर्ज पुढे ओढला.

"गाडीचा नंबर?"

"गाडी नाही."

"इंजिन?"

"इंजिनही नाही."

"मग पेट्रोल पिणार कोण?"

"एक कीर्तनकार आहेत," मी म्हणालो.

त्याने टाक खाली ठेवला. मी घाईने पत्रक पुढे केले आणि ते उलट्या बाजूने केले. जपानी अक्षरे पाहिल्यावर तो माणूस इतक्या आदराने उठला की मला वाटले, काम झाले. तो आतल्या खोलीत गेला आणि परत आला तो दोन शिपाई घेऊन.

ठाण्यातल्या फौजदारांनी माझा जबाब स्वतः लिहिला. 'धंदा' या शब्दापुढे त्यांनी 'मास्तर असल्याचे सांगतो' असे लिहिले. पंधरा वर्षे नोकरी झालेल्या माणसाला हे वाचायला लावून खाली सही घेतली.

"हे यंत्र कशाने चालतं?"

मी सांगितले. वाफ, हवा, धातू, सगळे.

"ज्वाळा दिसते?"

"मुळीच नाही."

"धूर? आवाज?"

"काही नाही."

"म्हणजे काळोखात कुठं लपवून ठेवलं तर कोणाला पत्ता लागायचा नाही."

"कोणालाच नाही," मी अभिमानाने म्हणालो. समोरचा माणूस मन लावून ऐकतो आहे याचा मास्तराला फार मोह असतो.

"आत्ता कुठं आहे ते?"

"बुवांच्या छातीला बांधलं आहे."

फौजदारांनी ते शब्द सावकाश लिहून घेतले: 'शत्रुराष्ट्राचे यंत्र, जे ज्वाळेवाचून जळते, ते एका इसमाच्या छातीस बांधून ठेवले असल्याचे कबूल करतो.' वाचून दाखवल्यावर मलाही ते खरे पण भयंकर वाटले. त्यांनी मला ठाण्याच्या मागल्या खोलीत बसवले, आणि मी तिथे चार दिवस बसलो. मारहाण नाही, शिवीगाळ नाही. जेवण मिळे. मी दारावर वाजवून सांगत होतो की तिकडे एका माणसाची छाती गार पडत असेल. पहाऱ्याचा शिपाई म्हणे, "तुमी सोताच्या छातीचं पाहा ना, मास्तर." पाचव्या दिवशी दौलतराव पोलीस पाटलाचा शिक्का घेऊन आले आणि माझ्या चालचलणुकीची हमी देऊन मला सोडवले. पत्रक जप्त झाले. परवाना मिळाला नाहीच.

गावात आलो तो तडक बुवांच्या घरी. हातात रिकामी शिशी. भुरीबाई दारातच भेटली आणि घाईघाईने सांगू लागली, चूक केलेल्या पोरीसारखी.

"मास्तर, डबी गार पडली व्हती. तुमची लय वाट पायली. मंग म्या तूप घातलं. गाईचं, घरचं. आत कापूस व्हताच. देवाजवळ लावतो तसंच त हाये, म्हटलं. तुमच्यावानी उन्हात भिंग धरलं."

शाळेचे भिंग तिच्याकडेच ठेवून गेलो होतो.

मी आत गेलो. बुवा पांघरुणात होते, चेहरा उतरलेला, डोळे मात्र हसरे.

"या मास्तर. आमच्यापायी तुरुंग पायला म्हनतात."

"बुवा, डबी..."

"लय चांगली चालून राह्यली. पेट्रोलचा वास बी गेला. आता कायले उगंच हिंडता? हिंडू नोका." त्यांनी बंडीवर हात ठेवला. "भुरीचं तूप मानवलं तिले."

आता इथे मला थांबावे लागते. मी पत्रक वाचलेला एकटाच माणूस होतो. तुपाची पेट्रोलसारखी वाफ होत नाही, थंडीत ते थिजते, आणि त्या धातूवर बसले की सगळे संपले, हे केनवडात फक्त मला ठाऊक होते. हात पुढे करून बंडीला लावला असता तर क्षणात कळले असते. साधुपुरुषाच्या छातीला असा हात लावणे बरे दिसत नाही, असे मी मनाशी म्हणालो. खरे असे की मी वाशीमहून रिकामा आलो होतो, आणि इथे मला कोणी तरी सांगत होते की काही बिघडले नाही. मी खाटेशी बसलो, बुवांचे पाय चेपले, आणि माझे डोळे भरून आले.

घरी जाताना ही गोष्ट मी दोघांना सांगितली. चावडीवर आणखी दहांना. तुपावर डबी चालली म्हटल्यावर कोणी मध्यस्थाचा दाखला मागितला नाही. दुसऱ्या दिवसापासून घराघरांतून बुवांकडे तूप येऊ लागले. दौलतरावांनी बरणी पाठवली. भुरीबाई रोज सकाळी चमचाभर घाली आणि उन्हात भिंग धरी, बुवा डबी आत ठेवीत आणि म्हणत, "आता आली ऊब, माय."

कस्तुराबाई एवढेच म्हणाली, "आपल्या घरचं तूप शिंक्यावर थिजून दगड झालं. त्याईच्याच घरी काहून नाई थिजत?"

"तुला श्रद्धा नाही," मी म्हणालो.

"असन," ती म्हणाली आणि चमच्याने तूप खरवडू लागली. आवाज होत होता.

मी परतल्यापासून चौथ्या दिवशी, दुपारी, भुरीबाई पाणी आणायला उठली तेवढ्यात बुवा गेले. पौषाचे अजून सहा दिवस होते.

आंघोळ घालायला पुरुषमंडळी जमली. उपरणे मी सोडले, बंडीच्या गुंड्याही मीच सोडल्या, आणि डबी हातात घेतली. रांजणातून काढलेल्या तांब्यासारखी गार होती. पाठ वळवून मी झाकण उघडले. आत पांढरे तूप थिजून घट्ट बसले होते आणि त्यात तो करडा बोळा रुतला होता. नखाने उकरूनही निघेना. बुवांच्या छातीवर, डबी होती तिथे, तिच्या आकाराचा एक फिकट चौकोन उमटला होता. पौषाच्या थंडीत एवढे दिवस त्या माणसाने उघड्या छातीवर गार पत्रा धरला होता आणि दर सकाळी लेकीला सांगितले होते की ऊब आली.

"आना ना इकडं मास्तर, कायचं पाहून राह्यले?" जगदेव म्हणाला.

मी झाकण लावले, डबी कोटाच्या खिशात घातली आणि पाणी ओतायला लागलो.

तेराव्याला जगदेव कीर्तनाला उभा राहिला. अंगणात मांडव, तीनशे तरी माणसे, मालेगावपासून आलेली. मी टाळकऱ्यांत होतो. जगदेवचा आवाज बुवांसारखा नाही, पण त्या दिवशी लागला होता. निरूपण चढत चढत बुवांच्या शेवटच्या दिवसांवर आले.

"मायबाप, परदेशची डबी. तिले पायजे परदेशचं तेल. सरकार म्हने, नाई देत. मंग या लेकीनं काय केलं? घरच्या गाईचं तूप घातलं. अन् डबी चालली. एक दिवस नाई, दोन दिवस नाई. खोटं वाटत असन त आमचे मास्तर इथंच बसले हायेत. चार बुकं शिकलेला मानूस. बुवाची डबी त्याईनंच उतरवली. सांगा जी मास्तर."

मृदंग थांबला. सगळी डोकी माझ्याकडे वळली. बायकांत सर्वांत पुढे भुरीबाई बसली होती. तेरा दिवसांत ती निम्मी झाली होती. तिने जगदेवकडे पाहिले नाही. ती माझ्याकडे पाहत होती, आणि कीर्तनात बायकांनी बोलू नये हे विसरून तिनेच हळू विचारले,

"शेवटपावतर गरम व्हती ना, मास्तर?"

मी उभा राहिलो. कोटाचा खिसा जड लागत होता.

"मी हातात घेतली तेव्हाही गरम होती," मी म्हणालो.

भुरीबाईने पदर तोंडाशी नेला आणि तेरा दिवसांत पहिल्यांदा मोकळी रडली. मृदंगावर थाप पडली. जगदेवने माझे वाक्य तसेच उचलून चालीवर घेतले, टाळकऱ्यांनी त्याच्यामागे धरले आणि मग सगळा मांडव ते म्हणू लागला. टाळ माझ्याही हातात होते. मीही म्हटले.